तीन पिढ्यांचे जीनवाले

आमच्या दुकानावर पाटी आहे : ‘तीन पिढ्यांचे जीनवाले’. खाली बारीक अक्षरांत : ‘जीन, लगाम, तंग, रिकीब. घोड्याचे सर्व सामान मिळेल.’ पाटी अब्बांनी लावली. तिसरी पिढी म्हणजे मी. तेव्हा मी सातवीत होतो आणि मला सरळ टाकाही घालता येत नव्हता, म्हणजे पाटीवरची एक पिढी त्या वेळी खोटीच होती.

शहाद्यात ‘जीन’ म्हटलं की ऐकणारा आधी बोलणाऱ्याकडे बघतो आणि मग अर्थ लावतो. घोडेवाल्याला जीन म्हणजे खोगीर. कापूसवाल्याला जीन म्हणजे सरकी काढायचा कारखाना. माझ्या अम्मीला जिन म्हणजे तो भुतासारखा, ज्याचं नाव दिवस मावळल्यावर, मगरिबनंतर, घ्यायचं नसतं. चौथा अर्थ मला चव्वेचाळिसाव्या वर्षी सुरतेच्या दवाखान्यात कळला, आणि तोही पहिल्या फटक्यात नाही.

हे लिहायला मला तिथल्याच डॉक्टर मॅडमनी सांगितलं. हा आजार असलेले फार थोडे लोक त्यांच्याकडे येतात, आणि येतात ते सगळे घाबरलेले. मॅडम म्हणाल्या, “इकबालभाई, तुम्ही काय काय चुका केल्या तेवढं लिहा. लोकांची भीती कमी होईल.” तेवढंच लिहायचं म्हटलं तरी वही पुरणार नाही, पण बघू. मराठी शाळेत शिकलो म्हणून मराठीत लिहितोय. घरी आम्ही जे बोलतो त्यात हिंदी, अहिराणी आणि गुजराती एका ताटात जेवतात. ते जसंच्या तसं उतरवलं तर शहाद्याबाहेर दुभाष्या लागेल.

पट्ट्याची भोकं

सुरुवात पोटापासून झाली. दिवसातून आठ-दहा वेळा जावं लागायचं. आधी मी सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेतल्या भज्यांना दोष दिला. मग विहिरीच्या पाण्याला. मग शमीमच्या डाळीला. शमीम माझी बायको. हा तिसरा आरोप मी त्याच जेवणात मागे घेतला.

दोन वर्षं हे चाललं. टायफॉइडची औषधं झाली, जंतांची झाली, टीबीच्या तपासण्या झाल्या. वजन उतरत होतं. पँट घसरायला लागली तसा मी कमरेच्या पट्ट्याला आरीने नवी भोकं पाडत गेलो. मी चामड्याचा माणूस. भोकं इतकी नीट, इतक्या सारख्या अंतरावर पाडली की पट्टा कंपनीतूनच तसा आल्यासारखा दिसायचा. स्वतःचा आजार इतक्या सफाईने लपवणारा रोगी दुसरा नसेल.

मग अंगावर काळेनिळे डाग यायला लागले. कुठे आपटलो नाही, पडलो नाही, तरी डाग. गल्लीत अफवा उठली की शमीम मला मारते. तिने ती खोडून काढली नाही. म्हणाली, “राहू द्या, उधारीवाले तरी जरा बिचकून राहतील.”

हसण्यावारी नेत होतो, पण एक गोष्ट मला माहीत होती आणि अम्मीलाही. अब्बा सेहेचाळिसाव्या वर्षी गेले. पोटानेच. शेवटी शेवटी त्यांच्याही अंगावर असेच डाग होते. त्याबद्दल आम्ही मायलेक एकमेकांशी अवाक्षर बोललो नाही. दोघंही सकाळी एकमेकांना फक्त “चहा झाला का” विचारायचो.

पकडलं ते नाजोने. नाजनीन, आमची एकुलती एक मुलगी. नंदुरबारला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते. ईदला घरी आली, आणि खुंटीवर टांगलेला पट्टा काढून बोटाने भोकं मोजत बसली.

“अब्बा, ही सहा भोकं कंपनीची नाहीत.”

“फॅशन आहे.”

“कुणाची फॅशन? तुमच्याशिवाय कुणाच्या पट्ट्याला बघितली नाही.” तिने पट्टा गुंडाळून आपल्या पिशवीत टाकला. “सुरतेला जायचंय. हा डॉक्टरांना दाखवायचाय.”

खरंच दाखवला. मॅडमनी माझे सगळे जुने रिपोर्ट बाजूला ठेवले आणि आधी तो पट्टा हातात घेऊन बघितला.

कोणाचा घोडा?

रक्त घेतलं, आतड्याचा तुकडा घेतला, आणखी रक्त घेतलं आणि कुठल्या तरी मोठ्या लॅबला पाठवलं. कित्येक आठवड्यांनी बोलावणं आलं. शहाद्याहून एसटीने नंदुरबार, तिथून रेल्वेने सुरत. शमीम सोबत होती. नाजोची परीक्षा होती.

मॅडमनी कागद समोर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, “इकबालभाई, आपके जीन में खराबी है.”

आता तुम्हीच सांगा. आजा-अब्बांपासून एक तक्रार नाही. सारंगखेड्याच्या बाजारात आमचं खोगीर लोक शिलाईकडे न बघता घेतात. आणि ही सुरतेची बाई, जिने जन्मात घोड्यावर पाय टाकला नसेल, ती माझ्या तोंडावर म्हणते की जीनमध्ये खराबी आहे. मी ताठ बसलो आणि विचारलं, “कोणाचा घोडा?”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मग शमीमकडे. मग कागदावर काहीतरी लिहिलं. ते ‘रुग्णाला भ्रम होतो का पाहणे’ असं होतं, हे पुढच्या खेपेला नर्सने हसत हसत सांगितलं.

शमीमने मॅडमना आमचा धंदा सांगितला. मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी कागद उलटा केला आणि पेनाने रेघा काढत मला समजावलं. शरीरात शिपाई असतात, त्यांना टी सेल म्हणतात. जंतू आला की ते धावून जातात. काम झालं की त्यांना आवरावं लागतं, त्यासाठी आवर घालणारं एक जीन असतं. त्याचं नाव सीटीएलए-फोर. प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. माझी एक प्रत बिघडलेली होती. त्यामुळे शिपाई आवरत नव्हते; जंतू संपले की माझ्याच आतड्यावर आणि माझ्याच रक्तावर चालून जात होते.

“ब्रेक समझो,” मॅडम म्हणाल्या. “आधा ब्रेक फेल.”

मी म्हटलं, “ब्रेक नाही मॅडम. लगाम.”

“एकच की.”

“एकच नाही. ब्रेक फेल झाला तर गाडी सरळ जाते. लगामाला दोन वाद्या असतात, दोन बाजूंना. एक तुटली आणि दुसरी ओढली की घोडा थांबत नाही, गोल गोल फिरतो. आणि आपल्याच स्वाराला पाडतो.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “आता मी सगळ्यांना असंच सांगणार.” दोन वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की या आजाराबद्दल मलाही काहीतरी कळतं. ज्यांना नव्यानेच कळलंय त्यांना माझं एवढंच सांगणं आहे : डॉक्टरांकडून आजार तुमच्या धंद्याच्या भाषेत समजून घ्या. शेतकऱ्याने पाण्याच्या पाटात समजून घ्यावा, शिंप्याने उसवण्यात. एकदा तो आपल्या भाषेत आला की अर्धा पाळीव होतो.

चहा

एवढं शहाणपण मिळवून मी घरी आलो आणि चहा बंद केला. टी सेल बेकाबू झालेत म्हटल्यावर टी घालून त्यांना अजून कशाला माजवायचं, असा माझा हिशेब. शमीमनेही माझ्यासाठी सोडला. अम्मीला आम्ही चोरून प्यायला सांगितलं, तर तिने रागाने तिचाही सोडला. अकरा दिवस आमच्या घरात कुणी कुणाशी नीट बोललं नाही. शमीमचं डोकं दुखायचं, अम्मी भांडी आपटायची, आणि मी दुकानात गिऱ्हाइकावर गुरकावायचो.

बाराव्या दिवशी नाजोचा फोन आला. शमीमने कण्हत सांगितलं. मग नाजो म्हणाली, “अम्मी, फोन स्पीकरवर टाक. अब्बा, तो टी म्हणजे इंग्रजी अक्षर आहे. ए बी सी डी मधला.”

त्या दिवशी आम्ही तिघांनी मिळून पातेलंभर चहा प्यायला. अम्मीने बशीत ओतून, डोळे मिटून प्यायला.

अम्मीला जीनची बातमी मी फोनवरच दिली होती, सुरत स्टेशनातून. “अम्मी, जीन की खराबी निकली.” ती शांतपणे म्हणाली, “मैं तो पहले दिन से कह रही थी.” घरी पोचेपर्यंत तावीज तयार होता. फक्त त्याची चामड्याची पुडी शिवायची बाकी होती, ती माझ्याकडूनच शिवून घेतली, कारण “बाहेरचे नीट शिवत नाहीत.” पुढे नाजोने तिला सगळं समजावलं. अम्मीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे तुझ्या आज्याकडून आला. मग जिनच तो. नाव काहीही ठेवा.” तावीज अजून गळ्यात आहे. समोरचे कापडवाले कांतीशेठ यांना वाटलं कापसाच्या जीनमधली धूळ माझ्या पोटात गेली. त्यांनी मायेने मास्कचा डबा पाठवला. चामडं घासताना मी तो वापरतो.

नमुन्याची जीन

आता जी चूक सांगायची ती सांगतो. बाकीच्या चुका हसण्याच्या आहेत, ही नाही. म्हणजे हिच्यावरही आता आम्ही हसतो, पण खूप उशिरा हसलो.

त्या दिवशी दवाखान्यात शमीम औषधं आणायला खाली गेली तेव्हा मॅडमनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. हे बापाकडून लेकराकडे जाऊ शकतं. निम्मी शक्यता. गेलं तरी प्रत्येक जण आजारी पडतोच असं नाही, पण माहीत असलेलं बरं. मग लक्ष ठेवता येतं, वेळेत धरता येतं. त्यांनी नाजोच्या तपासणीची चिठ्ठी लिहिली, प्लास्टिकच्या पाकिटात घातली, वर लोखंडी क्लिप लावली. “पुढच्या वेळी बेटीला घेऊन या.”

मी पाकीट शर्टाच्या आत सरकवलं. शमीम आली तेव्हा म्हटलं, “चला, झालं.”

नाजो एकोणीस वर्षांची. तिने मला विचारलंसुद्धा. पुढच्या रविवारी घरी आली होती, भाकरी थापत होती, पाठमोरी. “अब्बा, माझ्याबद्दल काही म्हणाल्या का मॅडम?”

“तुझ्याबद्दल? नाही. हे म्हणे फक्त मुलग्यांकडे जातं.”

तिचा हात थांबला. मग परत भाकरी थापायला लागली. “बरं,” म्हणाली.

मला डोळ्यांसमोर अब्बा दिसत होते, ओट्यावर पोट धरून बसलेले, त्यांच्या हातावरचे डाग. आणि त्या हातांच्या जागी नाजोचे हात यायचे. मी स्वतःला समजावलं की पाकीट उघडलं नाही तर आत काही नाही. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस डोळ्यांवर हात ठेवून म्हणतो, मी कुणाला दिसत नाही.

पाकीट लपवायचं कुठे? घरात शक्य नाही. शमीम धुवायच्या आधी खिसे तपासते, गाद्या उलथते, पिठाच्या डब्यात हात घालते. दवाखान्याची फाईल तर तिला पाठ होती. शेवटी एकच जागा सुचली. दुकानात भिंतीवर अब्बांच्या हातची एक जीन टांगलेली आहे. नमुन्याची. गिऱ्हाइकाला शिलाई दाखवायला, विकायला नाही. मी तिची खालची बाजू उसवली, भरणात पाकीट सारलं आणि परत शिवली. अब्बांच्या टाक्यात माझा टाका असा मिसळला की मलाच अभिमान वाटला. पट्ट्याच्या भोकांवरून मी काहीही शिकलो नव्हतो.

खुर्ची

उपचार असा. आधी स्टेरॉइड. त्याने तोंड भाकरीसारखं गोल झालं आणि भूक इतकी लागायची की मी शमीमच्या ताटाकडे बघायचो. आमचे जुने गिऱ्हाईक हिंमतआबा, सारंगखेड्याकडचे, घोड्यांचे शौकीन, दुकानात आले आणि माझ्याकडे बघून खूश झाले. “तब्येत सुधरनी तुन्ही. आते तू शेठनामायक दिसस.” मी शेठसारखा दिसत होतो आणि आतून जिन्याच्या चार पायऱ्या चढू शकत नव्हतो.

मग महिन्यातून एकदा सुरतेला एक औषध, सलाईनमधून. मॅडम म्हणाल्या की माझ्या शरीरात जो लगाम कमी पडतो तोच बाहेर तयार करून आत सोडतात. म्हणजे कुणीतरी माझाच धंदा करतं, फक्त माझ्यापेक्षा बारीक सुईने.

औषध आत जायला अर्धा तास लागतो आणि त्या अर्ध्या तासासाठी पूर्ण दिवस जातो. नाव लिहा, वजन करा, रक्त द्या, थांबा, रिपोर्टची वाट बघा, परत थांबा. पहिल्या खेपेला मी इतका घाबरलो होतो की नर्सने “हाथ लांबो करो काका” म्हटल्यावर मी पाय लांब केला. त्या नर्सला माझी शीर एका टोचण्यात सापडायची. दुसऱ्या कुणी असली की तीन वेळा. म्हणून मी नंदुरबार स्टेशनावर उभा असल्यापासून मनातल्या मनात तिच्या तब्येतीची दुआ मागायचो. खुर्ची खिडकीजवळची मिळाली की शमीम डबा उघडायची. खिचडी आणि लिंबाचं लोणचं. दुसऱ्या सलाईनच्या वेळी खिचडी खाल्ली आणि संध्याकाळपर्यंत पोट शांत राहिलं, तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता बाहेर बघत बसलो. बोललो असतो तर रडलो असतो, आणि शेजारच्या खुर्चीवरचा माणूस झोपला होता.

दर खेपेला मॅडम विचारायच्या, “बेटी का सैंपल?” शमीम बाहेर असेल अशी वेळ मी बरोबर साधायचो. “परीक्षा आहे मॅडम.” तीन महिन्यांत नाजोच्या इतक्या परीक्षा झाल्या की ती आतापर्यंत सर्जन व्हायला हवी होती.

यात्रा

यात्रेच्या दिवसांत मी दवाखान्यात अडकलो. न्यूमोनिया झाला होता, चार दिवस ठेवून घेतलं. सोबत शमीमचा भाऊ राहिला. सारंगखेड्याचा आमचा ठेला आजवर कधी चुकला नव्हता. शमीम आणि नाजोने तो लावला. शमीम फोनवर रोजची खबर द्यायची. चौथ्या दिवशी तिचा आवाज फुललेला होता.

“सगळं गेलं बघा. एक लगाम उरला नाही. आणि ऐका, शिलाई दाखवायला दुकानातून आणलेली ती नमुन्याची जीनसुद्धा आज मी विकली.”

मी सलाईनसकट उठून बसलो.

“ती विकायची नसते.”

“हिंमतआबांनी मागितली. म्हणाले, इकबालच्या बापाच्या हातची आहे, माझ्या घोड्यावर शोभेल. त्यांना कशी नाही म्हणू? अब्बाजी असते तर त्यांनीही दिली असती.”

खरं होतं. अब्बा असते तर दिली असती. पण अब्बांनी आत काही शिवून ठेवलं नव्हतं.

घरी आल्यावर मी हिंमतआबांना चार वेळा फोन केला. म्हटलं, ती जीन जुनी आहे, नवी देतो. म्हटलं, तिचं चामडं कच्चं आहे. शेवटी म्हटलं, ती अपशकुनी आहे. आबा म्हणाले, “मी काई देस नही. तुन्हा बापना हातनी शे ती.” जितकी मी तिची निंदा करायचो तितका त्यांचा तिच्यावर जीव बसत गेला.

तक्रार

यात्रेनंतर काही दिवसांनी, दुपारची वेळ. मी दुकानात तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून बांधायचा पट्टा, शिवत होतो. शमीम जेवण घेऊन आली होती आणि नाजो सुट्टीवर होती, ती रिकिबींना पॉलिश करत होती. हिंमतआबा दारात आले. खांद्यावर जीन. त्यांनी ती माझ्यासमोर ठेवली आणि अतिशय दुःखाने म्हणाले :

“इकबाल, तुन्ही जीनमा खराबी शे.”

शमीमने पदर सावरला. “ते आम्हाला माहीत आहे, आबा. औषध चालू आहे.”

आबांनी तिच्याकडे बघितलं. “औषध? जीनले?”

“सुरतेहून. महिन्यातून एकदा.”

“घोडानी पाठले काहीतरी टोचस,” आबा हळूच म्हणाले, जणू शहाण्यासमोर आपणच वेड्यासारखं बोलतोय. “तीन दिन व्हई गयात, पाठवर हात ठेवू देत नही. तेनं औषध सुरतेला भेटस का?”

दुसरी कुठली वेळ असती तर मी हसून लोळलो असतो. मी जीनवर दोन्ही हात ठेवून बसलो होतो. म्हटलं, “आबा, ठेवून जा. मी बघतो. उद्या घेऊन जा.”

“आताच बघा ना,” शमीम म्हणाली. “मुक्या जनावराला टोचतंय.”

मी आरी उचलली. टोक भलत्याच शिलाईवरून फिरवत राहिलो. नाजो उठली. माझ्या हातातून आरी घेतली, जीन उलटी केली, बोटाने शिलाई चाचपली आणि जिथे माझा टाका अब्बांच्या टाक्यात मिसळला होता, नेमकी तिथेच थांबली. त्या टाक्याचा मला किती अभिमान होता ते मी सांगितलंच. तिने तो उसवला. भरणातून पाकीट निघालं. क्लिप वाकून उघडली होती, तिचं टोक बाहेर.

नाजोने चिठ्ठी वाचली. तारीख वाचली. आबांनी क्लिप उचलून उजेडात धरली आणि एवढंच म्हणाले, “हाई टोचत होतं.”

ते घोड्याबद्दल बोलत होते.

आबा गेल्यावर मी नाजोला म्हटलं, “मी तुला खोटं सांगितलं.”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“भाकरी थापत होते तेव्हापासून. फक्त मुलग्यांकडे जातं म्हणालात ना? कुणाकडे काय जातं ते आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलंय, अब्बा.” ती चिठ्ठीची घडी घालत होती. “तुम्ही स्वतः सांगाल म्हणून थांबले होते.”

शमीम माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जेवण वाढताना म्हणाली, “तुम्ही एकट्याने का घाबरायचं? मी काय यात्रेला आले होते का?” मग मला जास्तीची पोळी वाढली. स्टेरॉइडची भूक तिला ठाऊक होती.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या शर्टाच्या आत असं एखादं पाकीट असेल तर त्याला माझं सांगणं : ते कुठे ना कुठे टोचतंच. आणि ज्याच्या पाठीला टोचतं त्याचा त्यात काही दोष नसतो. आबांच्या घोड्याची जखम पंधरा दिवसांत भरली. मी रोज जाऊन हळद लावायचो. घोड्याने मला एकदाच लाथ मारायचा प्रयत्न केला, तेवढी त्याची माणुसकी.

पाटी

पुढच्या खेपेला नाजो सोबत आली आणि तिने रक्त दिलं. नर्सला शीर एका टोचण्यात सापडली. मी तोंड फिरवून उभा होतो. शमीमने मात्र बघितलं, तिचा दुसरा हात धरून.

मग वाट बघणं. स्वतःच्या रिपोर्टची वाट मी जांभया देत बघितली होती. हिच्या वेळी मी एकच तंग तीनदा उसवून शिवला. रिपोर्ट नाजोच्या मोबाईलवर येणार होता. तिने बजावून ठेवलं, “रोज विचारायचं नाही. आला की मी सांगेन.” मी विचारत नव्हतो. फक्त दिवसातून पाच-सहा वेळा फोन करून हवामान विचारायचो. नंदुरबारला ऊन आहे का, असं.

त्या दिवशी माझी सलाईन होती. नाजो घरी आली होती, दुकान तिने उघडलं होतं. मी आणि शमीम सुरतेहून परतलो तेव्हा ऊन अजून पाटीवर होतं. रिक्षातून उतरलो, वर बघितलं. पाटीवरच्या ‘तीन’वर खडूने आडवी रेघ मारलेली होती. वर, नर्सिंगच्या वहीतल्यासारख्या नीट अक्षरात, लिहिलं होतं : ‘चार’.

चार पिढ्यांचे जीनवाले.

मी किती हुशार आहे ते तुम्हाला आतापर्यंत कळलंच आहे. मी दारातूनच ओरडलो, “कॉलेज सोडणार आहेस की काय? दुकानात बसायला शिकवलं नाही मी तुला. आरी धरता येते म्हणून...”

शमीमने माझा दंड धरला. तिला कळलं होतं.

नाजो गल्ल्यामागे उभी होती, बोटांना खडू. “कॉलेज सोडत नाही, अब्बा,” म्हणाली. “पाटी खोटी नको म्हणून केलं.”

मी खाली बसलो. दारातच, पायरीवर. ती येऊन शेजारी बसली. खडूचा हात तिने माझ्या शर्टाला पुसला, लहानपणी पुसायची तसा.

“रिपोर्ट आला. मॅडमशी बोलले,” ती म्हणाली. “मला काहीच त्रास नाही. कदाचित कधी होणारही नाही. दर सहा महिन्यांनी दाखवायचं. काही झालं तर पहिल्या दिवशी कळेल, सहाव्या भोकाला नाही.” मग म्हणाली, “आज्यांना हे माहीत नव्हतं. तुम्हाला उशिरा कळलं. मला आधीच माहीत आहे. घोडा अजून सरळ चालतोय, अब्बा.”

मी तिचे हात बघितले. दोन्ही बाजूंनी, उलटे-सुलटे. एक डाग नव्हता. एका बोटावर रिकिबीचं पॉलिश होतं, तेवढंच.

खडू पावसात गेला असता, म्हणून मागच्या आठवड्यात मी पेंटरला बोलावलं. तो शिडीवर चढला, ‘तीन’ खरवडला आणि खाली वाकून म्हणाला, “इकबालभाई, आता चार केले की चार वर्षांत परत मला बोलवाल. पोरीचं लग्न होईल, लेकरं होतील. थांबा की जरा, एकदम पाचच लिहू.”

नाजो खाली शिडी धरून उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं.

मी पेंटरला म्हटलं, “चारच लिही. आणि चांगला पक्का रंग लाव. हा आकडा पुन्हा बदलायचा नाही.”